येईल, पण परवडेल का?

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे पत्त्यांचा डाव बसलाय असं समजू. मेंढीकोट झालं, बदाम सात झालं, म्हणून कुणीतरी पोकरचं काढलंय. पैसे लावायचे नाहीत अशी आजीची ताकीद, तेव्हा डबाभर चिंचोके सगळ्यांनी वाटून घेतलेत. भाचीच्या हातात बदामची दश्शी आणि बदामची अठ्ठी. सतरंजीच्या मधोमध तीन पानं उघडी आहेत: बदामचा राजा, बदामची चव्वी, किलवरची दुर्री. चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. बाकीचे एकेक करून पानं टाकून मागे सरकलेत. ढिगात शंभर चिंचोके आहेत. मामा आपली पानं पुन्हा एकदा कोपऱ्यातून उचलून बघतो आणि पन्नास चिंचोके पुढे सरकवतो.

“येतेस का?”

“बदाम येईल असं वाटतंय,” म्हणत भाची पन्नास मोजायला घेते.

पत्ते खेळणाऱ्या घरात हे वाक्य दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. बदाम येईलही, कधीकधी येतोच. पण मंडईत “भेंडी ताजी दिसतेय” एवढ्यावर कुणी पिशवी पुढे करत नाही, आधी भाव विचारतो. भाचीने भाव विचारलेलाच नाही. पोकरमध्ये त्या भावाला पॉट ऑड्स म्हणतात. तो काढायला तिसरी-चौथीचं गणित पुरतं. तरी वर्षानुवर्षं खेळणारी कितीतरी मंडळी तो काढत नाहीत, हे या खेळातलं खरं नवल.

भाव समजण्यापुरता खेळ असा. सर्वांत लोकप्रिय प्रकार टेक्सस होल्डेम. टेक्ससच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाऊन या लहानशा गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून ठराव करून मान दिला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात आणि मधे पाच पानं सगळ्यांची सामाईक पडतात: आधी तीन एकदम, मग चौथं, मग पाचवं. त्यांची नावं फ्लॉप, टर्न आणि रिव्हर. सातांतली सर्वांत भारी पाच पानं धरायची. पानं वाटल्यावर आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर बोली होते.

तीन पत्ती येणाऱ्याला निम्मा खेळ आधीच येतो. चाल म्हणजे बेट, पॅक म्हणजे फोल्ड, मधला ढीग म्हणजे पॉट. ठेच लागते ती एकाच ठिकाणी. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला मारतो. यात कुणाची लहर नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यांत साध्या सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. पाच पानं घेतली की पारडं फिरतं: सिक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे कमी वेळा येतं ते वरचं, एवढाच नियम.

आता भाव. मामाने पन्नास टाकल्यावर ढिगात दीडशे झाले. आत राहायचं तर भाचीला पन्नास मोजावे लागतात. पन्नास टाकून दीडशे मिळण्याची संधी, म्हणजे तीनास एक. नवखा खेळाडू हमखास घसरतो तो इथेच. तीनास एक म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे तेहतीस टक्के, असं त्याच्या तोंडून सहज निघून जातं. खरा आकडा पंचवीस आहे. भाचीचे पन्नास पडल्यावर ढीग दोनशेचा होतो आणि त्यात तिचा वाटा चौथा. पटत नसेल तर हाच प्रसंग चार वेळा घडवून बघावा. तीनदा हरली, दीडशे गेले. एकदा जिंकली, दीडशे आले. फिटंफाट. चारांत एकापेक्षा जास्त वेळा जिंकत असेल तर पन्नास टाकणं परवडतं, कमी वेळा जिंकत असेल तर नाही.

मग ती जिंकते किती वेळा? कॅटमध्ये बदाम तेरा. दोन तिच्या हातात, दोन सतरंजीवर, उरले नऊ. हात सुधारणाऱ्या अशा पानांना पोकरवाले आउट्स म्हणतात. तिला दिसलेली पानं पाच, न दिसलेली सत्तेचाळीस. इथे एक शंका हटकून निघते: मामाच्या हातातली दोन पानं आणि बाकीच्यांनी पालथी टाकलेली पानं या सत्तेचाळिसांत कशी धरायची? ती तर कॅटमधून निघाली आहेत. तरी धरायची. एखादा बदाम मामाकडे असेलही, पण भाचीला ते माहीत नाही. तिच्या दृष्टीने न दिसलेलं प्रत्येक पान सारखंच, मग ते कॅटमध्ये असो की मामाच्या मुठीत.

सत्तेचाळिसांत नऊ, म्हणजे एकोणीस टक्के. भाव मागतोय पंचवीस.

हे टक्के नुसते वाचून अंगी लागत नाहीत, त्यासाठी हिशेबाची वही उघडावी. पुढचं एकच पान बघायचंय, बदाम आला तर भाची जिंकली आणि नाही आला तर हरली, असं धरू. सत्तेचाळीस वेळा ती पन्नास चिंचोके टाकते. नऊ वेळा बदाम येतो आणि दर वेळी दीडशे मिळतात: जमा १,३५०. अडतीस वेळा येत नाही आणि दर वेळी पन्नास जातात: खर्च १,९००. वहीत ५५० चिंचोक्यांची तूट.

आता मामाने पन्नासच्या जागी पंचवीस सरकवले असते तर? पानं तीच, नऊ बदाम तेच. नऊ वेळा १२५ मिळून जमा १,१२५ आणि अडतीस वेळा पंचवीस जाऊन खर्च ९५०. आता १७५ चिंचोके शिल्लक राहतात. नशीब बदललं नाही, पान बदललं नाही, फक्त मामाने मागितलेली किंमत उतरली आणि “टाक पानं”चं “ये आत” झालं. चांगला खेळाडू असलेला मामा पंचवीस सरकवणारच नाही. समोरचा बदामाच्या आशेवर बसलाय असा वास आला की त्याला आशा महाग पडेल एवढी बोली तो लावतो.

बोलीचं माप आणि लागणारे टक्के यांचं नातं एकदा पाठ झालं की कायमचं कामाला येतं. ढिगाच्या पाव बोलीला साधारण सतरा टक्के लागतात, निम्म्या बोलीला पंचवीस, ढिगाएवढ्या बोलीला तेहतीस आणि ढिगाच्या दुप्पट बोलीला चाळीस. गंमत म्हणजे बोली कितीही अवाढव्य असली तरी हा आकडा पन्नासला कधीच पोचत नाही, कारण ढिगात आधीचं काहीतरी पडलेलं असतंच.

शक्यतेसाठीही असाच तोंडी आडाखा आहे. पुढचं एकच पान बघायचं असेल तर आउट्सना दोनाने गुणायचं, दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तर चाराने. नऊ आउट्सचे अठरा आणि छत्तीस होतात, खरे आकडे एकोणीस आणि पस्तीस. हातात पाच, सहा, आठ, नऊ अशी पानं असून मधली सत्ती हवी असेल तर आउट्स चारच: आठ आणि सोळा, खरे साडेआठ आणि साडेसोळा. आउट्स फार झाले की मात्र आडाखा वाहवतो. पंधरा आउट्सना तो साठ टक्के सांगतो, खरे चोपन्नच असतात.

पण या चाराच्या गुणाकाराने जितके चिंचोके बुडवलेत तितके कशानेच बुडवले नसतील. भाची म्हणेल, अजून दोन पानं यायचीत, माझे पस्तीस टक्के आहेत, भाव पंचवीसचा आहे, चला. चूक बारीक आहे. पन्नास टाकून तिने एकच पान विकत घेतलंय. चौथं पान बदाम नसेल तर मामा पुन्हा बोली लावेल आणि पाचव्या पानाची किंमत वेगळी मोजावी लागेल. हेच पन्नास जर मामाचे शेवटचे पन्नास असतील, म्हणजे तो ऑल-इन झाला असेल, तर पुढे बोलीच उरत नाही. दोन्ही पानं त्याच पन्नासांत मिळतात आणि मग पस्तीस टक्के खरेच पस्तीस ठरतात. तेव्हा आत जाणं बरोबर. बोली तीच, पानं तीच, आणि निर्णय ठरतो मामाच्या मांडीजवळ किती चिंचोके शिल्लक आहेत त्यावर. जाणते खेळाडू बोलीचं उत्तर देण्याआधी समोरच्याच्या चिप्सकडे नजर टाकतात ती यासाठीच.

ढीग आणि शक्यता यांची अशी सांगड माणसाने प्रथम घातली ती अर्धवट मोडलेल्या डावावरून. दोघांनी सारखी रक्कम लावली, ठरावीक वेळा आधी जिंकेल त्याला सगळी, असं ठरलं, आणि खेळ मधेच थांबला तर रक्कम कशी वाटायची? इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ च्या ग्रंथात या कोड्याला हात घातला, पण उत्तर झालेल्या डावांवरून काढलं. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी पत्रांतून ते सोडवलं. पास्कलने २९ जुलैच्या पत्रात घेतलेलं उदाहरण असं: दोघांनी पिस्तोल नावाची बत्तीस-बत्तीस नाणी लावलीत, तीन डाव आधी जिंकेल तो चौसष्ट घेईल. पहिला दोन डाव जिंकलाय, दुसरा एक. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर चौसष्ट त्याचे, हरला तर बरोबरी, म्हणजे बत्तीस. बत्तीस तर त्याला काहीही झालं तरी मिळतातच, उरलेल्या बत्तिसांवर त्याचा हक्क निम्मा. वाटणी अठ्ठेचाळीस आणि सोळा. पाचोलीने मागे पाहिलं होतं, पास्कलने पुढे पाहिलं. तीन वर्षांनी क्रिस्टियान हायगेन्सने याच विचारावर पुस्तक लिहिलं. सत्तेचाळीस हातांची वही हे त्याचंच चिंचोक्यांतलं रूप.

अशा जोड्या मोजण्याचं काम आपल्याकडे पास्कलच्याही पाचशे वर्षं आधी झालेलं होतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सहा रसांची मिश्रणं किती होतील ते काढलंय: एकेरीपासून सहाही रस एकत्र येईपर्यंत त्रेसष्ट. तीच रीत बावन्न पानांना लावली की दोन पानांचे १,३२६ हात निघतात आणि होल्डेममध्ये सुरुवातीला नेमके तेवढेच हात असू शकतात.

पुन्हा सतरंजीवर येऊ. भाचीचे नऊच्या नऊ बदाम खरंच तिचे आहेत का? मामाच्या हातात इस्पिकचा राजा आणि इस्पिकची दुर्री असेल तर बदामच्या दुर्रीने भाचीचा फ्लश होईल आणि मामाचं फुल हाउस, म्हणजे तीन दुर्र्या आणि दोन राजे; मार खाईल भाचीच. मामाकडे बदामचा एक्का आणि राणी असेल तर आणखी वाईट, मग कुठलाही बदाम आला तरी मोठा फ्लश त्याचाच. दश्शीच्या फ्लशकडे बघून हुरळणाऱ्यांनी नऊचे सात-आठच मोजलेले बरे.

उलट बाजूही आहे. बदाम आल्यावर मामा आणखी चिंचोके देणार असेल तर आजचा तोटा उद्या भरून निघेल. पोकरच्या भाषेत हे इम्प्लाइड ऑड्स. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ या १९८७ च्या पुस्तकात त्याची तपशीलवार चर्चा आहे. हा हिशेबही वहीतच मांडता येतो. तूट ५५०, जिंकण्याच्या वेळा नऊ. दर जिंकलेल्या हातात मामाकडून सरासरी बासष्ट चिंचोके जास्त काढता आले तर पन्नास टाकणं परवडलं. निघतील का? तिसरा बदाम सतरंजीवर पडताना मामालाही दिसतो, तो सावध होणार. मधल्या सत्तीची वाट बघणाऱ्याचा हात अधिक लपलेला असतो, त्याला अशी वसुली सोपी जाते. यापुढचं काम माणसं ओळखण्याचं. “एवढे टाकलेत, आता काय माघार घ्यायची” असं म्हणणाऱ्या मामाकडून बासष्ट काय, शंभरही निघतील. ढिगात पडलेले चिंचोके आता कुणाचेच नसतात हे अशा मामांना सांगून पटत नाही.

पाचवं पान पडलं की आउट्स संपतात, भाव मात्र राहतो. आता प्रश्न फिरतो: समोरचा खोटं बोलतोय का, आणि किती वेळा? त्याने ढिगाएवढी बोली लावली असेल तर तिनांत एकापेक्षा जास्त वेळा तो थापा मारत असला तरच बघायला जाणं परवडतं. थाप मारणाऱ्याचाही भाव असतो. ढिगाएवढी बोली निम्म्याहून जास्त वेळा खपली तरच त्याला फायदा.

या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधलं. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० पासून सुरू झालेल्या या स्पर्धेच्या मुख्य फेरीत त्या वर्षी ८३९ खेळाडू होते, प्रवेश दहा हजार डॉलरचा. शेवटी दोघं उरले. एक मुरलेला खेळाडू सॅम फारहा. दुसरा टेनेसीचा सत्तावीस वर्षांचा हिशेबनीस, ऑनलाइन पात्रता फेरीतून स्वस्तात आत आलेला, आणि आडनाव खरोखरच मनीमेकर.

एका हातात क्रिस मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती, फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. चार पानं पडली: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी. फारहाची नव्व्यांची जोडी पुढे होती, मनीमेकरकडे काहीच जमलेलं नव्हतं. पण त्याचे आउट्स मोजून बघावेत. इस्पिक उरले आठ, त्यातला कुठलाही आला तर राजाचा फ्लश. पंजी किंवा दश्शीने सिक्वेन्स, इस्पिकची दोन आधीच मोजली म्हणून आणखी सहा. उरलेल्या तीन राजांपैकी एक आला तर राजांची जोडी नव्व्यांना भारी. एकूण सतरा, न उघडलेली पानं चव्वेचाळीस, म्हणजे जवळजवळ एकोणचाळीस टक्के. मागे असलेल्या हाताला एवढं बळ क्वचित असतं.

पाचवं पान आलं बदामची तिर्री. सगळं फुकट. मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे टीव्हीवर पाहणाऱ्यांना दोघांचीही पानं दिसत होती. फक्त फारहाला दिसत नव्हती. त्याने बराच वेळ विचार केला आणि पानं टाकली. स्पर्धा मनीमेकरने जिंकली, पंचवीस लाख डॉलर मिळाले, आणि पुढची काही वर्षं जगभर पोकर शिकणाऱ्यांची लाट उसळली. फारहाला दोष देणं सोपं आहे, कारण आपण पानं बघून बसलोय. त्याच्या खुर्चीवर प्रश्न एवढाच होता की हा हिशेबनीस अशा जागी पुरेशा वेळा थाप मारेल का. त्याने नाही असं ठरवलं.

भाव जिथे बदलतच नाही असेही खेळ असतात. कॅसिनोच्या युरोपीय रुलेटमध्ये चाकाला सदतीस खाचा, आणि आकडा लागला तर मिळतात एकास पस्तीस. बरोबरीचा भाव छत्तीस हवा. लावलेल्या दर शंभरामागे सरासरी पावणेतीन रुपये घराचे, म्हणजे कॅसिनोचे, आज, उद्या, नेहमीच. पोकरमध्ये समोर घर नसून दुसरा खेळाडू असतो, पण घर तिथेही हात कोरडे ठेवत नाही, ढिगातून आपला वाटा काढतं. त्याला रेक म्हणतात. समजा दोनशेच्या ढिगातून दहा गेले, तर भाचीला लागणारे पंचवीस टक्के सव्वासव्वीस होतात. फरक किरकोळ वाटतो. रात्रभराच्या हातांवर तो बऱ्यापैकी जिंकणाऱ्यालाही तोट्यात नेतो.

चिंचोक्यांऐवजी पैसे लावून हे करायचं तर कायदा आडवा येतो, आणि तो राज्याराज्यांत वेगळा आहे. पणजीसमोर मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची टेबलं चालतात ती गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात नंतर केलेल्या दुरुस्त्यांच्या आधाराने. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइन पोकरचं दुकान ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने सरसकट बंद केले, कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

मामाच्या घरी मात्र डाव रंगलेला आहे. भाची बोटांवर काहीतरी मोजते आणि दश्शी-अठ्ठी पालथी टाकते. मामा हसत ढीग ओढून घेतो. तेवढ्यात धाकटा म्हणतो, “पुढचं पान काय होतं बघू ना!” पोकरवाले याला रॅबिट हंटिंग म्हणतात, आणि बऱ्याच कॅसिनोंत ते करू देत नाहीत. घरात कोण अडवणार? कॅटवरचं पान उलटतं. बदामचा गुलाम. “बघ, आला असता!” म्हणून एकच गिल्ला होतो, आजीसुद्धा चुकचुकते. भाची गुलामाकडे क्षणभर बघते, कॅट उचलते आणि पिसायला लागते. पुढची वाटणी तिची आहे.